फरशीचं शूटिंग

मला या इमारतीत सगळे डॉक्टर म्हणतात. आदरानं नाही, पांढरे हातमोजे घालतो आणि तोंडाला फडकं बांधतो म्हणून. तळमजल्यावरचा किल्लीवाला रोज सकाळी शटर वर करता करता विचारतो, "काय डॉक्टर, काल किती दगावले?" पहिली दोन-तीन वर्षं मला हसू यायचं. आता मी नुसती मान हलवतो आणि जिना चढायला लागतो. तीन जिने आहेत आणि लिफ्ट कधीपासून बंद आहे हे विचारायचंही लोकांनी सोडून दिलंय.

माझं काम जुन्या व्हिडिओ कॅसेट दुरुस्त करून त्यातलं सगळं कॉम्प्युटरवर उतरवून द्यायचं. लोकांच्या घरच्या कॅसेट. वाढदिवस, सहली, बाळाचं पहिलं पाऊल, शाळेचं गॅदरिंग. पंचवीस-तीस वर्षं त्या माळ्यावर नाहीतर ओल धरलेल्या कपाटात पडलेल्या असतात. त्यांना बुरशी लागते, फीत चिकटते, तुटते. मग एके दिवशी घरातलं कुणीतरी जातं आणि बाकीच्यांना कॅसेटची आठवण होते. वरातीमागून घोडं. बावीस वर्षं मी या घोड्यांची खरारा-मालिश करतोय. दुसऱ्यांची पोरं केक कापताना इतकी पाहिली, की मला आता केक खाववत नाही.

या बावीस वर्षांत मला दोन सवयी लागल्या. पहिली म्हणजे खोलीतला स्पीकर बंद ठेवायचा. आवाज कॉम्प्युटरवर उतरत असतो, तो नंतर एकदा तपासायचा. पण दिवसभर अनोळखी घरातला गोंगाट कानांवर घ्यायचा नाही. आमची ही म्हणते, "तिथं कान बंद ठेवता ते ठेवता, घरी आल्यावरही उघडत नाही." खोटं नाही ते.

दुसरी सवय फरशीची. हौशी माणसाच्या हातात कॅमेरा आला की तो एक चूक हमखास करतो. बटण एकदा दाबलं की चालू, पुन्हा दाबलं की बंद. मध्ये एकदा मोजणी चुकली की पुढचं सगळं उलटं. कॅमेरा डोळ्याला लावला की बंद आणि खाली सोडला की चालू. मग केक राहतो बाजूला आणि कॅसेटवर येतात माणसांची पावलं, टेबलाचे पाय आणि फरशी. आम्ही धंद्यातले लोक याला फरशीचं शूटिंग म्हणतो. ते कुणी बघत नाही. त्यात बुरशीची फीत यंत्रातून जितकी जास्त फिरेल तितकं यंत्रातलं फीत वाचणारं हेड खराब होतं, आणि ती हेडं आता कुठंही बनत नाहीत. माझ्याकडे जी चार उरलीत त्यांच्यावरच मला मरेपर्यंत भागवायचंय. म्हणून फरशी दिसली की माझा हात आपसूक बटणाकडे जातो. यंत्र थांबवायचं, फीत हातानं पुढे गुंडाळायची आणि माणसांचे चेहरे आले की पुन्हा सुरू करायचं. आजवर एका गिऱ्हाइकानं तक्रार केली नाही. उलट म्हणतात, किती स्वच्छ करून दिलंत.

मागच्या महिन्यात, मंगळवारी दुपारी, एक बाई चाकांची बॅग घेऊन वर आल्या. पासष्टीच्या असतील. तीन जिने चढूनही त्यांना धाप नव्हती. बॅग उघडून त्यांनी टेबलावर एकेक करत चौदा कॅसेट मांडल्या. प्रत्येकीच्या पाठीवर बारीक, सरळ अक्षरांत तारीख होती.

"वरच्यांच्या मोरीचं पाणी आमच्या माळ्यावर झिरपत होतं," त्या म्हणाल्या. "कळलं तेव्हा उशीर झाला होता."

मी एक कॅसेट उजेडात धरली. तिच्या छोट्या खिडकीतून आत पाहिलं तर फितीच्या कडेला पांढरी भुकटी बसली होती. दुसरी, तिसरी, सगळ्या तशाच.

"ताई, खरं सांगू का, यातल्या निम्म्या गेल्यात असं समजा. चित्र आलंच तरी फाटकंतुटकं येईल."

"येऊ दे. मला चित्र नकोच आहे."

बावीस वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. मी हातमोजे काढले आणि त्यांना बसायला खुर्ची दिली.

त्यांचे यजमान शाळेत पीटीचे मास्तर होते. एकतीस वर्षं मैदानावर. एका टोकाला उभं राहून हाक मारली की दुसऱ्या टोकाचं पोरगं चड्डी सावरत पळत यायचं, असा आवाज. तीन महिन्यांपूर्वी घशात गाठ निघाली, आठवड्यात ऑपरेशन झालं आणि स्वरयंत्र काढून टाकावं लागलं. जीव वाचला. त्या सगळ्या धावपळीत आवाज साठवून ठेवायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. आता मास्तर वहीत लिहून बोलतात.

"मुलगा परगावी असतो, त्यानं शोधून काढलंय," बाई म्हणाल्या. "आता फोनवर लिहिलं की फोनच वाचून दाखवतो, आणि तेही त्या माणसाच्याच आवाजात. फक्त त्याला आधी तो आवाज ऐकवावा लागतो. दहा मिनिटं तरी. सलग नसला तरी चालेल, तुकडे जोडता येतात. पण त्यावर दुसरं कुणी बोलता कामा नये."

"दहापेक्षा कमी भरला तर?"

"मुलगा म्हणतो, आवाज ओळखू येतो, पण पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा." त्यांनी बॅगेची चेन ओढून लावली. "घरात भांडायला कुणी उरलं नाही हो. मी बोलते, ते लिहितात. त्यांचं लिहून होईपर्यंत माझा राग निघून जातो. असं कुठं भांडण असतं का?"

मी विचारलं, "शूटिंग कोण करायचं?"

"तेच. कॅमेऱ्याला दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचे नाहीत."

"मग काळजी सोडा," मी म्हणालो. "कॅमेरा धरणाऱ्याचाच आवाज सगळ्यात जवळून येतो. चौदा कॅसेट म्हणजे कितीतरी तास झाले. दहा मिनिटं काय, सहज निघतील."

असं कधी बोलू नये. कॅसेट उघडण्याआधी शब्द देऊ नये, हे मीच नव्या लोकांना शिकवत असे. पण बाई पहिल्यांदाच हसल्या होत्या आणि माझ्या तोंडून निघून गेलं.

दुसऱ्या दिवसापासून कामाला लागलो. कॅसेटच्या पाठीमागचे पाच स्क्रू काढायचे, झाकण उचलायचं, दोन्ही चकत्या बाहेर घ्यायच्या. गॅलरीत, उघड्यावर बसून स्पिरिट लावलेल्या मऊ कापडातून फीत हळूहळू ओढायची. पांढरी भुकटी कापडावर येते, थोडी नाकातोंडात जाते. एका कॅसेटला दोन-अडीच तास लागतात आणि पाठ पार मोडते. मग ती फीत नव्या डबीत बसवायची आणि यंत्रात लावायची. दोन मिनिटं चालते, हेड भरतं, चित्रावर पांढऱ्या ठिपक्यांचा बर्फ पडतो. यंत्र उघडा, हेड पुसा, पुन्हा लावा. पहिल्या सहा कॅसेटना आठ दिवस लागले. स्पीकर नेहमीप्रमाणे बंद होता. मास्तरांच्या कॅसेटमध्ये फरशी भरपूर होती. मैदानभर पोरांना शिट्टीवर पळवणारा माणूस, पण एका बटणानं त्यांना आयुष्यभर चकवलेलं दिसत होतं. मी फरशी आली की थांबवत गेलो, हातानं पुढे गुंडाळत गेलो.

तिसरी कॅसेट त्यातली सगळ्यात वाईट होती. तिच्यात पाणी शिरलं होतं आणि मधली दहा-बारा हात फीत एकमेकीला घट्ट चिकटली होती. अशी फीत सुटते. नाही असं नाही. मंद उबेत दोन दिवस ठेवायची, मग नखानं एकेक पदर उचलायचा, तोही श्वास रोखून. मी चिकटलेल्या भागाच्या अलीकडचं लावून पाहिलं, फरशी होती. पलीकडचं लावून पाहिलं, फरशीच होती. मग मधे काय असणार? मी कात्री घेतली, तेवढा भाग कापला, दोन टोकं जोडली आणि तो गुंता टोपलीत टाकला. दोन दिवस वाचले म्हणून मला बरंसुद्धा वाटलं.

सहा कॅसेट झाल्यावर मी कानाला हेडफोन लावून आवाज तपासायला बसलो.

मुलगा सायकल चालवायला शिकत होता. सायकलच्या मागे कुणीतरी पळत होतं. कॅमेऱ्याच्या अगदी जवळून एक भरदार आवाज आला, "हे बघा, आता आपण..." आणि लगेच बाजूनं बाईंचा आवाज, तरुण, धारदार, "अहो, बोलू नका ना. आवाज येतो त्यात."

मग नुसती सायकलची खडखड.

पुढे समुद्राचा काठ. "तर मंडळी..." "बोलू नका हो." पुढे नवी खोली, रिकाम्या भिंती. "इथं आपलं..." "श्शू." पुढे दारात उभ्या असलेल्या खुद्द बाई, ओल्या हातांनी केस मागे सारताना. "आणि ही..." "बोलू नका म्हटलं ना." प्रत्येक ठिकाणी तेच. बाई टेलिफोन ऑफिसात ऑपरेटर होत्या असं त्यांनी बोलता बोलता सांगितलं होतं. लाईन मोकळी ठेवायची सवय त्यांना नोकरीनं लावली असणार. मास्तरही गुणी विद्यार्थ्यासारखे गप्प बसत आणि पुढच्या प्रसंगाला पुन्हा तोंड उघडत.

मी ते तुकडे कापून एकापुढे एक लावले. सहा कॅसेटमधून स्वच्छ आवाज निघाला एक्केचाळीस सेकंद. सगळ्या वाक्यांच्या सुरुवाती. एकाही वाक्याला शेवट नव्हता.

मी हेडफोन काढून ठेवले. मला बाईंचा राग आला, मग माझाच आला. कशाला सहज निघतील म्हणालो? आता हे सांगायचं कसं? एखाद्या बाईला बोलावून, ताई, तुमच्या नवऱ्याचा आवाज मिळाला नाही कारण तुम्ही तो येऊच दिला नाही, असं कुणी म्हणेल का? बुरशीनं खाल्ला म्हणावं, झालं. झाकली मूठ सव्वा लाखाची. बुरशी काही उलट बोलणार नाही.

असं मनाशी ठरवून मी सातवी कॅसेट लावली, पण या वेळी स्पीकर चालू ठेवला. वाढदिवस होता. बाईंनी दोनदा गप्प केलं. मग चित्र गर्रकन फिरलं, खाली आलं आणि फरशी दिसू लागली. करड्या फरशीवर काळे कॅनव्हासचे बूट. माझा हात बटणाकडे निघालासुद्धा. पण हातात स्पिरिटचा ओला बोळा होता. तो ठेवायला जागा शोधेपर्यंत चार सेकंद गेले असतील.

"...मी त्याला म्हटलं, लेका, तू शंभर मीटर पळतोयस की पोस्टात पत्र टाकायला निघालायस?" आणि मोठ्यानं हसणं. खोली भरून गेली. मोकळा, रुंद, जराही न थांबणारा आवाज. बूट जागच्या जागी हलत होते, कारण मास्तर बोलताना अंगभर बोलत. कॅमेरा बंद आहे अशी त्यांची समजूत होती. बाईंचीही तीच असणार, कारण कुणीही त्यांना गप्प करत नव्हतं.

तीन मिनिटं मी त्या बुटांकडे बघत उभा होतो.

मग मला पहिल्या सहा कॅसेट आठवल्या.

पाच कॅसेट पुन्हा लावल्या, फरशी शोधून शोधून उतरवली. एकदा यंत्रातून गेलेली फीत दुसऱ्यांदा आणखी झडते. काही ठिकाणी आवाजाचा नुसता चुरा झाला होता, पण बरंच हाती लागलं. मास्तर बुटांच्या वर उभे राहून शेजाऱ्याशी बोलत होते, मुलाला दटावत होते, कुणाला तरी बसचा रस्ता सांगत होते. शेवटी तिसरी कॅसेट लावली. फरशी आली. मास्तर कुणाला तरी गोष्ट सांगत होते. "अरे, जिल्ह्याच्या स्पर्धेच्या दिवशी काय झालं, मी पोरांना घेऊन स्टेशनवर उतरलो, आणि बघतो तर..." इथं माझा जोड खटकन गेला. "...म्हणून मग तसाच अनवाणी परत आलो." आणि ऐकणारा माणूस हसून हसून खोकत होता.

मी टोपलीकडे धावलो. टोपली रिकामी होती. कचऱ्याची गाडी रोज सकाळी येते, आणि कापाकापी होऊन आठ-नऊ दिवस झाले होते. तरी खाली जाऊन मोठा डबा उचकटून पाहिला. किल्लीवाल्यानं विचारलं, "डॉक्टर, काही हरवलं का?" मी काही नाही म्हणालो. बैल गेला आणि झोपा केला, दुसरं काय.

चौदापैकी दोन कॅसेट काही केल्या चालल्या नाहीत. बाकीच्या बारांतून, सुरुवाती आणि फरशी मिळून, दुसऱ्यांचं बोलणं वगळून, स्वच्छ आवाज निघाला सात मिनिटं आणि दहा सेकंद. मी कापून फेकलेली फीत अंदाजे चार मिनिटांची होती. ती धरली तर अकरा झाली असती. हा हिशेब मी तीन-चारदा करून पाहिला, दर वेळी तेच उत्तर आलं.

शनिवारी सकाळी दोघं आली. मास्तर एकेक पायरी मोजत चढले असावेत. उंच, हाडापेराचा माणूस, गळ्याभोवती पातळ सुती रुमाल. स्पिरिटच्या वासानं त्यांना खोकला आला, रुमालाआडून, आवाजाशिवाय. मी खिडकी उघडली. त्यांनी खुर्चीत बसून मांडीवर वही ठेवली आणि माझ्या यंत्राकडे कुतूहलानं पाहू लागले.

मी जोडलेला आवाज लावला. बुटांवरचं हसणं सुरू झालं तसा बाईंनी मास्तरांचा हात धरला. मास्तर मान तिरकी करून ऐकत होते. ओळखीच्या कुणाचा तरी आवाज आहे पण नाव आठवत नाही, असं तोंड झालं होतं त्यांचं. मग स्टेशनवरची गोष्ट आली आणि खटकन पुढे गेली.

"मधलं कुठं गेलं?" बाई म्हणाल्या. ऑपरेटरचे कान ते.

"बुरशी," मी म्हणालो.

त्यांनी मान डोलावली. सात मिनिटं संपली. "एवढंच?"

"एवढंच, ताई."

"चौदा कॅसेटमधून? तुम्ही तर म्हणाला होतात, कॅमेरा धरणाऱ्याचा आवाज सगळ्यात जवळून येतो." रागावून नव्हत्या म्हणत, समजून घ्यायला बघत होत्या. "मला मूळचं दाखवा. न कापलेलं."

मी टाळायला बघितलं. खूप वेळ लागेल, डोळ्यांना त्रास होईल, काय वाटेल ते सांगितलं. त्या हलल्या नाहीत. शेवटी मी सायकलची कॅसेट लावली, मग समुद्राची. स्क्रीनवरच्या बाईंनी मास्तरांना एकदा गप्प केलं, दोनदा केलं, आणि खुर्चीतल्या बाई हळूहळू पुढे सरकून बसल्या. पाचव्यांदा "बोलू नका हो" आलं तेव्हा त्यांनी मला हातानं थांबवलं.

"सगळीकडे असंच आहे?"

मी उगाच स्पिरिटच्या बाटलीचं झाकण घट्ट करू लागलो.

"म्हणजे मीच," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं मीच यांचं तोंड बंद केलं, आणि आता दहा मिनिटं द्या म्हणून दारोदार फिरतेय." डोळ्यांना पाणी नव्हतं. दिवसभर उभं राहिल्यावर माणूस बसतो तसा आवाज होता, दमलेला. "अहो, मीच हो ते." मास्तर त्यांच्या हातावर थोपटत राहिले. त्यांना दुसरं काही करता येत नव्हतं.

मला वाटलं होतं, गप्प राहीन. आणखी पाच मिनिटं गप्प राहिलो असतो तर दोघं जिना उतरून गेली असती आणि माझं नाव शाबूत राहिलं असतं. पण त्या बाईंनी सगळं ओझं एकटीनं उचललं होतं आणि त्यातलं निम्मं माझं होतं. ते मला बघवेना.

"ताई, बुरशी नव्हती ती," मी म्हणालो. "मधलं मी कापलं. चार मिनिटं होती. फीत चिकटली होती, सोडवता आली असती. मी आळस केला. अलीकडे-पलीकडे फरशी होती, चित्रात काही नव्हतं, म्हणून फेकून दिलं. ती असती तर अकरा मिनिटं भरली असती."

 खाली किल्लीवाल्याची कानस चालू होती.

"मी तुम्हाला आवाज मागितला होता," बाई म्हणाल्या. "चित्र नको म्हणाले होते. पहिल्याच दिवशी."

"हो."

"आणि चित्रात काही नव्हतं म्हणून फेकलंत."

"हो."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी खाली बघत होतो. रागावल्या होत्या, चांगल्याच. त्यांनी मला चार शब्द सुनावले असते तर मी ऐकून घेतले असते. पण त्यांची नजर स्क्रीनकडे गेली, जिथं चित्र थांबलं होतं, आणि शब्द तसेच राहिले. दुसऱ्याला काय बोलणार, असं झालं असावं त्यांना.

तेवढ्यात टेबलावर टकटक झाली. मास्तर लिहीत होते. मोठं, उतरतं अक्षर. पान फाडून त्यांनी माझ्याकडे सरकवलं. "ती स्टेशनची गोष्ट मी फार रंगवून सांगायचो. मधलं सगळं खोटं होतं. गेलं ते बरं झालं."

बाईंनी ते माझ्या हातातून घेऊन वाचलं आणि नाकातून एकदा हसल्या. "ते खरं आहे," त्या म्हणाल्या. "बूट काही चोरीला गेले नव्हते. हेच विसरले होते." मग पदरानं चष्मा पुसला. "सात तर सात. पत्र्याच्या डब्यातून का होईना. मी मुलाला तसं कळवते."

मी आवाजाची फाईल त्यांच्या पेनड्राईव्हवर भरायला घेतली. काम तीस सेकंदांचं होतं, पण मी उगाच वेळ लावत होतो. जाताना त्यांना काय म्हणावं हे मला सुचत नव्हतं. बाईंच्या सांगण्यावरून थांबलेलं चित्र मी पुन्हा सुरू केलं होतं, त्या पुढे काय आहे ते बघत होत्या. तिथं दारातलं चित्र लागलं. पस्तिशीच्या त्या, ओल्या हातांनी केस मागे सारताना. "आणि ही..." "बोलू नका म्हटलं ना."

बाईंनी मान वळवली. "अहो, इथं काय म्हणणार होतात? आठवतं?"

मास्तरांनी विचार केला. चित्राकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं आणि वहीत लिहिलं, "नाही."

"मला आठवतं," बाई म्हणाल्या. त्या माझ्याकडे बघून सांगू लागल्या, नवऱ्याकडे बघून त्यांना सांगवत नसावं. "लग्नाचं यांनी मला नाही विचारलं. मी यांना विचारलं. ऑफिसातून यांच्या शाळेत फोन लावला, लाईन जोडली आणि विचारून टाकलं. यांना त्याचा कोण अभिमान. दिसेल त्याला सांगायचे. या कॅसेट सासूबाई बघणार होत्या, दीर-नणंदा बघणार होत्या. मला लाज वाटायची. हे कुठूनही सुरू झाले, तरी शेवटी 'आणि ही' म्हणत तिथंच येणार, हे मला ठाऊक असायचं. म्हणून गप्प करायचे. आवाज खराब होतो म्हणून नव्हे काही."

 मग त्या मास्तरांकडे वळल्या आणि त्यांच्या रुमालाची सुटलेली गाठ नीट करत म्हणाल्या, "फोन बोलायला लागला, की पहिलं तेच सांगायचं. सगळे जमले असतील तेव्हा. मी काही म्हणणार नाही."

मास्तरांनी पेन्सिल उचलली. बाई वाट बघत होत्या, आणि खरं सांगायचं तर मीही बघत होतो.

त्यांनी लिहिलं, "बघू."